गावचे जुने देऊळ : मुलांच्या अवलोकनाचा एक पाठ

(सटाणा येथे प्राथमिक शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बागलाण तालुक्यातील चौथीच्या एखाद्या मुलास "आपल्या भागात पाहण्यासारखे काय आहे?" असे विचारले, तर तो साल्हेर-मुल्हेरच्या किल्ल्यांची नावे सांगतो. सटाण्याचा मुलगा असल्यास देवमामलेदारांचे देऊळ व तेथील यात्रा यांचे वर्णन मोठ्या उत्साहाने करतो. दुष्काळात सरकारी खजिन्यातून रयतेला अन्न देणाऱ्या त्या मामलेदारांची कथा त्याने घरी ऐकलेली असते, म्हणून ते देऊळ त्याला आपले वाटते. परंतु याच तालुक्यात देवळाणे येथे जोगेश्वर महादेवाचे यादवकालीन कोरीव देऊळ उभे आहे, त्याचे नाव सहसा त्याच्या तोंडी येत नाही. त्या देवळाची कथा त्याला कोणी सांगितलेली नसते.

ही कथा सांगावयाची कोणी? गुरव पूजा करतो, गावकरी उत्सव करतात, पुराणवस्तूंचे अभ्यासक केव्हातरी येऊन टिपणे घेऊन जातात. देवळाचे दगड वाचावयास शिकवण्याचे काम मात्र शाळेवाचून दुसऱ्या कोणाकडून होणे कठीण आहे. शाळेने ते केले नाही तर काय होते, हे गावोगावी दिसते. कोरीव खांबांस तैलरंग फासला जातो, जुन्या जोत्यावर सिमेंटचा थर चढतो, मोकळ्या पडलेल्या शिळा धुण्याच्या दगडाकरिता किंवा पायरीकरिता उचलल्या जातात. हे करणारे लोक दुष्ट नसतात. पुष्कळदा ते भक्तिभावानेच करतात. त्यांना त्या दगडाची ओळख करून दिलेली नसते, एवढाच त्यांचा दोष. शालेय सहलीचा विचार या दृष्टीने करावयाचा आहे.

हेमाडपंती म्हणजे काय?

काळ्या दगडाचे जुने देऊळ दिसले की त्यास 'हेमाडपंती' म्हणण्याची महाराष्ट्रात प्रथा आहे. हेमाद्री पंडित हा देवगिरीचे यादव राजे महादेव व रामचंद्र यांचा मंत्री. महादेवाची कारकीर्द इ. स. १२६१ ते १२७१ ही होय. म्हणजे हेमाद्रीचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध ठरतो. याउलट ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे. हेमाद्रीच्या काळापूर्वी दीडशेहून अधिक वर्षे अशी देवळे उभी राहिली होती. आपल्याच जिल्ह्यातील सिन्नरचे गोंदेश्वराचे देऊळही त्याच्या आधीचे मानले जाते. दुसऱ्या बाजूने त्र्यंबकेश्वराचे काळ्या दगडाचे देऊळ पाहावे, तर त्याचे आजचे बांधकाम पेशवाईतील, १७८६ साली पुरे झालेले आहे. म्हणून 'हेमाडपंती' हे लोकांनी प्रेमाने दिलेले नाव आहे, बांधणाऱ्याचे वा काळाचे प्रमाणपत्र नव्हे, हे शिक्षकाने ध्यानी ठेवावे. मुलांना तो शब्द सांगण्यास हरकत नाही. त्याचबरोबर वरील सनावळी फळ्यावर मांडून त्यांनाच वजाबाकी करावयास लावावी. ऐकलेल्या गोष्टीची खात्री कशी करावी, हे ती त्या वजाबाकीत शिकतात.

या देवळांचा दगड कोठून आला, हा प्रश्न त्याहून सोपा आहे. सह्याद्री व दख्खनचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांनी बनले आहे. साल्हेरचा डोंगर, घरातला पाटा-वरवंटा, जाते आणि देवळाचा खांब हे सर्व त्याच काळ्या पाषाणाचे. हा दगड कठीण. संगमरवराप्रमाणे तो सहज कापता येत नाही. गावात पाट्याला टाकी लावणारा पाथरवट येत असेल, तर सहलीपूर्वी त्यास शाळेत बोलवावे. एक वीतभर जागा सपाट करावयास त्याला किती वेळ लागतो, हे मुलांनी घड्याळ लावून मोजावे. मग देवळाच्या भिंतीपुढे उभे राहिल्यावर त्या कामाचे मोल सांगण्यास शब्द खर्चावे लागत नाहीत.

सहलीपूर्वी

शिक्षकाने प्रथम एकट्याने देवळात जाऊन यावे. दोन तास स्वस्थपणे प्रदक्षिणेच्या वाटेने फिरावे, मुलांना काय दाखवावयाचे ते लिहून काढावे, धोक्याच्या जागा, मोकळे दगड, विहीर व पाण्याची सोय पाहून ठेवावी आणि गुरव व गावकरी यांना भेटून सहलीची वेळ ठरवावी. पूजेच्या वा उत्सवाच्या वेळी चाळीस मुलांचा घोळका नेणे उचित नव्हे. सकाळची वेळ सर्वांत उत्तम. तिरप्या उन्हात कोरीव काम उठून दिसते. भर दुपारी तीच भिंत सपाट भासते.

शाळेच्या अंगणात दोन प्रयोग करून घ्यावेत. पहिला प्रयोग अष्टकोनाचा. २ मीटर बाजूचा चौरस आखून त्याचे दोन्ही कर्ण दोरीने ताणावेत व मध्य काढावा. कोपऱ्यापासून मध्यापर्यंत जेवढी दोरी, तेवढीच दोरी त्या कोपऱ्यावर धरून लगतच्या दोन बाजूंवर खुणा कराव्यात. चारही कोपऱ्यांवर हीच कृती केली म्हणजे प्रत्येक बाजूवर दोन याप्रमाणे आठ खुणा मिळतात. त्या ओळीने जोडल्या की आठही बाजू सारख्या असलेला अष्टकोन तयार होतो. त्याची बाजू सुमारे ८३ सेंटिमीटर भरते. जुन्या देवळांतील खांब तळाशी चौरस, वर अष्टकोनी, त्यावर सोळा कोनांचा व शेवटी गोल असा पुष्कळदा आढळतो. दोरी व खुंटी एवढ्या साधनांनी हे साधता येते, हे मुलांना अंगणातच उमगते.

दुसरा प्रयोग पुस्तकांचा. सारख्या आकाराची पाच पुस्तके एकावर एक ठेवून टेबलाच्या कडेबाहेर सरकवावयाची. सर्वांत वरचे त्याच्या खालच्यावर लांबीच्या निम्म्याने पुढे, त्याखालचे पावाने, त्याखालचे एक षष्ठांशाने, मग एक अष्टमांशाने व सर्वांत खालचे टेबलाच्या कडेपासून एक दशांशाने पुढे काढावे. प्रत्यक्षात थोडे थोडे कमीच सरकवावे, म्हणजे डोलारा कोसळत नाही. तरीही वरचे पुस्तक अखेरीस सबंधच्या सबंध टेबलाबाहेर येऊ शकते. देवळाच्या सभामंडपाचे छत याच तत्त्वावर उभे असते. तेथे कमान नसते. प्रत्येक थराची शिळा खालच्या थरापेक्षा थोडी पुढे आलेली असते आणि तिच्या मागच्या भागावर वरच्या दगडांचे ओझे ठेवून ती दाबून धरलेली असते. चार खांबांच्या चौरसावर कोपऱ्यांतून आडव्या शिळा टाकून अष्टकोन करावयाचा, त्यावर लहान होत जाणारी वर्तुळे रचावयाची आणि शेवटचे छिद्र कमळ कोरलेल्या एका शिळेने बंद करावयाचे, असा हा क्रम. दगडांना दगड खोबणीने व वजनाने धरून राहतात. सांध्यात चुना भरण्याची गरज या बांधणीला फारशी पडत नाही.

देवळापाशी

देवळापाशी पोहोचल्यावर मुलांना लगेच आत नेऊ नये. प्रथम दूर उभे राहून सबंध आकृती पाहावी. देऊळ हे माणसाच्या शरीराप्रमाणे कल्पिलेले असते, हे सांगितल्यास भाग लक्षात राहतात. खाली जोते किंवा अधिष्ठान, त्यावर भिंतीचा मधला भाग म्हणजे जंघा, वर शिखर. शिखराच्या माथ्याशी आवळ्याच्या फळासारखा कंगोरेदार दगड असतो, तो आमलक, त्यावर कलश. अनेक जुन्या देवळांची शिखरे ढासळली आहेत, म्हणून 'काय नाही' हेही मुलांनी पाहावे आणि आपल्या चित्रात तेथे तुटक रेषा काढावी.

शिखर शाबूत असलेले पाहावयाचे तर मालेगाव तालुक्यातील मुंबई-आग्रा रस्त्यावरचे झोडगे येथील माणकेश्वराचे किंवा सिन्नरचे गोंदेश्वराचे देऊळ पाहावे. दोन्ही शिखरे भूमिज पद्धतीची आहेत. चार बाजूंनी तळापासून माथ्यापर्यंत चार उभे पट्टे जातात व त्यांच्या मधल्या जागेत लहान लहान शिखरांच्या ओळी एकावर एक रचलेल्या दिसतात. मोठ्या शिखराच्या अंगावर त्याचीच शेकडो बाळे बसविली आहेत, असे म्हटले की मुलांस ते चटकन कळते. ही पद्धती माळव्यात परमार राजांच्या काळी बहरली. भोज राजाच्या नावे असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथात भूमिज प्रासादांचे विवेचन आहे आणि मध्य प्रदेशातील उदयपूरचे अकराव्या शतकातील उदयेश्वर मंदिर हा तिचा नामांकित नमुना होय. बागलाणच्या एका अंगास गुजरात व दुसऱ्या अंगास खानदेश आहे. खानदेश ओलांडला की माळव्याची वाट. साक्री तालुक्यातील बळसाणे, झोडगे, देवळाणे, सिन्नर ही ठिकाणे नकाशावर खुणावून दाखविली, तर त्या वाटांनी व्यापाऱ्याबरोबर बांधणीचे ज्ञानही फिरत असले पाहिजे, हा विचार मुलांच्या मनात आपोआप येतो.

गोंदेश्वराची आणखी एक रचना सांगण्याजोगी आहे. मध्यभागी शिवाचे मुख्य देऊळ, पुढे नंदीचा मंडप आणि चार कोपऱ्यांत विष्णू, गणेश, पार्वती व सूर्य यांची लहान देवळे, अशी ही पंचायतन मांडणी. वेगवेगळ्या दैवतांचे उपासक एकाच आवारात यावेत, अशी सोय तीत आहे.

यानंतर दाराशी यावे. उंबरठ्यापुढे अर्धचंद्राकार शिळा, उंबरठ्यावर कीर्तिमुख, चौकटीच्या दोन्ही बाजूंस वेलबुट्टी व द्वारपाल आणि वर मध्यभागी बहुधा गणेश, हा क्रम मुलांनी बोटाने न स्पर्शता डोळ्यांनी वाचावा. सभामंडपात खांबांच्या माथ्याशी छताचा भार हातांनी तोलून धरणारे बुटके यक्ष दिसतात. त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहून मुले हसतात. ती हसली तर हसू द्यावीत. आतील गर्भगृह बहुधा साधे, कोरीव कामावाचून व अंधारे असते. बाहेरून आत येता येता डोळा शांत होत जावा, ही योजना कोणी न सांगताही मुलांना जाणवते. तेथे दोन मिनिटे सर्वांना गप्प उभे करावे.

देवळाच्या आवारात किंवा गावकुसाशी वीरगळ असल्यास तो अवश्य दाखवावा. या शिळेवरची चित्रे खालून वर वाचावयाची असतात. तळाशी लढाई व पडलेला वीर, मधे त्याला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वरती शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेपर्यंत त्याची कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. ज्या शिळेला काल गुरे बांधली होती ती गावासाठी मेलेल्या एखाद्या माणसाची आठवण आहे, हे कळल्यावर मुले तिला वेगळ्या नजरेने पाहू लागतात.

तीन अडचणीचे प्रश्न

देवळाण्याचे देऊळ 'बागलाणचे खजुराहो' म्हणून ओळखले जाते. तेथील बाह्य भिंतींवर मिथुनशिल्पे आहेत. या एका विशेषणाने त्या देवळाचे जेवढे नाव झाले, तेवढेच नुकसानही झाले. "मुलांना तेथे न्यावे कसे?" या संकोचाने शिक्षक ती सहल टाळतो आणि तालुक्यातील एक उत्तम कलाकृती तालुक्यातील मुलांनाच पारखी होते. हा संकोच समजण्याजोगा आहे, परंतु त्यावर उपाय आहे. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातील 'बृहत्संहिते'त देवळाच्या द्वारशाखेवर कोरावयाच्या मंगल चिन्हांत पक्षी, स्वस्तिक, पूर्णघट, वेली यांच्याबरोबर मिथुनांचाही समावेश आहे. म्हणजे ही शिल्पे कोणा कारागिराचा चावटपणा नव्हे. वंशवृद्धीचे ते शुभचिन्ह मानले जात असे. शिक्षकाने मुलांना प्रथम जोत्याचे थर, वेलबुट्टी, वादक आणि नर्तकी यांचे निरीक्षणाचे काम वाटून द्यावे. एखाद्याने प्रश्न केलाच, तर रागावू नये व हसूही नये. "गुरुजी, हे असे का?" असे विचारणाऱ्यास, "बाहेरच्या भिंतीवर कारागिराने माणसाचा सारा संसार कोरला आहे, त्यात हेही आले," एवढे सरळ उत्तर पुरते. लपवाछपवीने जी कुजबुज वाढते, ती सरळ उत्तराने थांबते.

दुसरा प्रश्न भंगलेल्या मूर्तींचा. "या कोणी फोडल्या?" असे मुले विचारतात व मोठी माणसे तत्काळ एखादे उत्तर देऊन मोकळी होतात. देवळांची हानी युद्धांत झाली, हे खरे. परंतु पिंपळाची मुळे सांध्यांत शिरल्यानेही भिंती फाकतात, छत कोसळून मूर्ती दबतात आणि घरांसाठी दगड नेले गेल्यानेही देवळे मोडतात. ज्या देवळाच्या बाबतीत पुरावा नाही, तेथे "आपणांस ठाऊक नाही" असे म्हणावयास मुलांना शिकवावे. वर्गात शेजारी बसणाऱ्या मुलाविषयी मनात अढी निर्माण करणारा तर्क शिक्षकाच्या तोंडून जाता कामा नये.

तिसरा प्रश्न प्रवेशाचा. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला व तो १९३५ पर्यंत चालला. ज्यांच्या पूर्वजांपैकी काहींनी हे दगड फोडले व वाहिले असतील, त्यांनाच आत जाण्यास मनाई होती. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. तेव्हा सहलीच्या रांगेत सर्व मुले एकाच दाराने व एकाच वेळी आत जातील, याची शिक्षकाने स्वतः उभे राहून खात्री करावी. तसेच ही वास्तूची सहल आहे. हात जोडणे किंवा न जोडणे हे ज्याच्या-त्याच्या घरच्या रीतीवर सोडावे.

सहलीनंतर

शाळेत परतल्यावर प्रत्येक मुलाने एकाच दगडाचे चित्र काढावे. सबंध देवळाचे चित्र घाईने होते. एका खांबाचे चित्र सावकाश होते. मोठ्या मुलांनी मोकळ्या शिळांची यादी करावी: शिळा कोठे आहे, लांबी-रुंदी किती, वर काय कोरले आहे. या यादीची एक प्रत शाळेत ठेवून दुसरी ग्रामपंचायतीस द्यावी. उद्या एखादी शिळा नाहीशी झाली, तर ती होती याचा लेखी पुरावा राहील.

त्याबरोबर चार गोष्टी मुलांना सांगाव्यात. कोरीव दगडावर तैलरंग किंवा चुना लावला की बारीक रेषा बुजतात आणि आत मुरलेल्या ओलीला बाहेर पडण्यास वाट राहत नाही. जोत्याभोवती सिमेंटची फरशी चढवली की खालचे कोरीव थर जमिनीत जातात. भिंतीत उगवलेले रोप आपण होऊन उपटू नये, कारण मुळाबरोबर दगडही हलतो. त्याची खबर जबाबदार माणसास द्यावी. आणि भिंतीवर नाव कोरणे ही चोरीइतकीच वाईट गोष्ट आहे. प्राचीन स्मारकांच्या रक्षणासाठी केंद्राचा १९५८ चा व महाराष्ट्राचा १९६० चा असे दोन कायदे आहेत. १९७६ मध्ये संविधानात समाविष्ट झालेल्या मूलभूत कर्तव्यांत आपल्या संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे जतन हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. तथापि संरक्षित यादीत नसलेली लहान देवळे असंख्य आहेत. त्यांच्या दाराशी पहारेकरी नसतो. तेथे गाव हाच पहारेकरी.

आज चौथीत बसलेला मुलगा किंवा मुलगी वीस वर्षांनी ग्रामपंचायतीच्या बैठकीत बसेल. देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी जमलेली असेल, खांबांना रंग द्यावा असा ठराव पुढे येईल. त्या वेळी सभेत एकाने तरी उठून, "हा खांब मी मोजला आहे, खाली चौरस आहे, वर अष्टकोन आहे, त्यावर नक्षी आहे, ती रंगाने बुजेल," असे म्हणावे, यासाठी ही सहल काढावयाची आहे. ते म्हणण्याचे धैर्य त्याला भाषण ऐकून येणार नाही. लहानपणी हातात दोरी धरून आखलेल्या अष्टकोनातून ते येईल.

येत्या हिवाळ्यात प्रत्येक शाळेने आपल्या जवळचे एक जुने देऊळ निवडून या पद्धतीने एक सहल काढावी, एवढी विनंती करून हे व्याख्यान येथे पुरे करणे उचित ठरेल.